कापसाची गाडी : सहल आणि साक्ष

इतिहास पाहायला जायचे म्हटले की वऱ्हाडातला माणूस गाविलगड किंवा नरनाळ्याची वाट धरतो. शाळेच्या सहली तिकडेच जातात आणि सुट्टीत मुलाबाळांना घेऊन निघालेली कुटुंबेही तिकडेच जातात. बुरूज, दरवाजे, तोफा आणि तळी पाहून झाली की डबे सोडायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे. मुलांना राजे आणि किल्लेदार यांची नावे सांगितली जातात. दगड कोणी वाहिले हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

अलीकडे या यादीत एका नव्या स्थळाची भर पडते आहे. मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी धावणारी अडीच फुटी रुळांची गाडी, जिला लोक ‘शकुंतला’ म्हणतात, ती आता थांबली आहे. थांबल्यावर तिचे प्रेम अनेकांना नव्याने सुचले. तिच्यावर लेख येतात, जुने फोटो हातोहात फिरतात, ‘औद्योगिक वारसा’ हा शब्द वापरला जातो. गवतात बुडालेले रूळ आणि ओस पडलेली स्थानके पाहायला अकोला-अमरावतीकडची कुटुंबे रविवारी जाऊ लागली आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. आपणही जावे आणि मुलांना न्यावे. परंतु वारसा म्हटला की वारस कोण, हा प्रश्न ओघानेच येतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम गाडीची हकीकत पाहू. मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनी या ब्रिटिश पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हा मार्ग तयार झाला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, असा एकूण १८९ किलोमीटरचा पसारा. रूळ कंपनीचे, गाडी चालवायची मात्र जी.आय.पी. रेल्वेने, अशी व्यवस्था होती. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन येईपर्यंत धावतच राहिले. १९५१ साली देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. स्वतंत्र भारताची रेल्वे एका जुन्या ब्रिटिश कंपनीच्या रुळांवरून दलित, आदिवासी, शेतमजूर आणि कास्तकार यांना वाहून नेत होती, ही गंमत पुष्कळांनी लिहून ठेवली आहे. गेल्या दशकात दोन्ही शाखा बंद पडल्या. २०१६ साली मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली.

एवढी माहिती कोणत्याही लेखात मिळते. पण या गाडीत माणसे नंतर आली. गाडी काढली ती कापसासाठी. अंजनगाव, दर्यापूर, कारंजा, दारव्हा या भागांतला कापूस मोठ्या लाइनपर्यंत आणायचा, तिथून मुंबईच्या बंदरात आणि बंदरातून मँचेस्टरला, असा हा रस्ता होता. या मार्गावर कापूसतळणी नावाचे एक स्थानक आहे. गावाच्या नावातच कापूस आहे. तेवढ्या एका पाटीत या रेल्वेचे सारे प्रयोजन वाचता येते.

हा कापूस मँचेस्टरला का हवा होता? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडच्या मळ्यांत काळ्या गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. त्यानंतरची घाई पाहण्यासारखी आहे. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. याच सुमारास मध्यप्रांत आणि वऱ्हाडसाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. १८७० साली खामगावची कापसाची शाखा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ज्या अमरावतीचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरला गंगेकाठी जात असे, तो आता आगगाडीने समुद्राकडे जाऊ लागला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. ज्या युद्धाने तिकडची गुलामी मोडली त्याच युद्धाने इकडे वऱ्हाडचे शेत कापसाला जुंपले. जोतीरावांनी त्या युद्धातून माणसाच्या मुक्तीचा अर्थ घेतला आणि व्यापाऱ्यांनी भावाचा. एकाच घटनेचे हे दोन अर्थ मुलांना सांगितल्याखेरीज शकुंतलेच्या रुळांची गोष्ट पुरी होत नाही.

आता त्या काळातल्या आपल्या वस्तीत डोकावून पाहू. महार म्हणजे केवळ गावकीची कामे करणारा, ओरडून दवंडी देणारा आणि मेलेली ढोरे ओढणारा, असे चित्र पुस्तकांतून रंगवलेले असते. वऱ्हाड-नागपूरकडे ते अपुरे आहे. या भागात सूत कातणे आणि जाडेभरडे कापड विणणे हे महारांचे मोठे काम होते. उंची वस्त्र कोष्ट्यांचे आणि गरिबाच्या अंगावरचे कापड महारांच्या मागावरचे. रेल्वेने कापूस नेला आणि परतीच्या डब्यांतून मँचेस्टरचे स्वस्त कापड आणले. हे आपोआप घडले नाही. इंग्रजी कापड आत यावे, देशी विणकराचा धंदा बसावा आणि मोकळे झालेले हात कापसाच्या शेतीला मिळावेत, अशी अपेक्षा त्या काळच्या कापूस आयुक्ताने सरकारी अहवालात उघडपणे व्यक्त केली होती. झाले तसेच. माग गेला. ज्वारीच्या जमिनीत पऱ्हाटी उभी राहिली. आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत, पोटाला धान्य नसताना, कापसाची गाठ मात्र बंदराची वाट चालतच होती.

परंतु येथेच थांबून, इंग्रज आले आणि आमचे वाटोळे झाले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो राष्ट्रवादी इतिहासाचा सूर आहे, आणि आपल्याला तो अर्ध्याच वाटेपर्यंत नेतो. कारण माग गेला तेव्हा महारवाड्यापुढे दोन वाटा होत्या. एक, गावकीच्या बलुत्यावर आणि शिळ्या भाकरीवर अवलंबून राहणे. दुसरी, कापसाच्या हंगामात जिनात, प्रेसमध्ये आणि रेल्वेच्या कामावर जाऊन रोख पैसा आणणे. रोख पैशाला जात विचारून भाव ठरत नाही. बलुते मागावे लागते, मजुरी मात्र हिशेबाने घेता येते. ज्या माणसाच्या मुठीत आठवड्याची मजुरी आली त्याला पाटलाच्या दारात हात पसरून उभे राहण्याचे कारण थोडे कमी झाले. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि तिच्या सूतकताईत महार कामगार मोठ्या संख्येने शिरले. किसन फागूजी बनसोडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना नागपुरात जो श्रोता मिळाला त्यात या गिरणीच्या वस्त्या होत्या. म्हणजे यंत्राने आमचे काही हिरावले आणि काही दिलेही. हे दोन्ही एकदम सांगण्याचे धैर्य आपल्या इतिहासात असले पाहिजे.

मात्र यंत्राने दिले ते जातीला ओलांडून दिले, असे समजण्याचे कारण नाही. गिरण्यांच्या कापडखात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा स्पृश्य कामगाराला चालत नसे. कापडखात्यात पगार जास्त होता हेही ध्यानात ठेवावे. १९२८च्या मुंबईच्या गिरणी संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे नेमका मांडला. आणि जिनात? जिनातल्या कामात विटाळ कोणाला आडवा आला नाही. तेथे धागा नव्हता, धूळ होती. धूळ खायला सर्वांना मोकळीक होती.

जीन म्हणजे काय हे आजच्या शहरी मुलाला सांगावे लागेल. बैलगाडीने आलेला कापूस म्हणजे रुई आणि सरकी यांचा एकजीव. पूर्वी घरोघरी बाया हाताच्या रेच्यावर सरकी वेगळी करीत. पुढे चामड्याच्या रुळाचे यंत्र आले. फिरता रूळ रुई ओढून घेतो आणि पाते सरकी मागे पाडते. या यंत्रांच्या रांगा टिनाच्या लांब शेडमध्ये मांडलेल्या असत. प्रत्येक यंत्रापाशी एक बाई. तिचे काम म्हणजे यंत्राच्या तोंडी सतत कापूस घालणे. समोर पडलेली रुई प्रेसमध्ये जाई. तिथे गडी ती पेटीत टाकून पायांनी तुडवीत, मग दाबयंत्र तिची चारशे पौंडांच्या आसपासची गाठ करी. अकोला, अमरावती, धामणगाव, मूर्तिजापूर, अकोट, खामगाव या गावांचे धुराडे हीच त्यांची दुरून दिसणारी ओळख होती.

या बायांसाठी कायदा काय करीत होता? १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामाला लावू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढीच त्याची दया. तीही शंभराहून कमी मजुरांच्या आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हती. जिनांचा धंदा हंगामी. अनेक जीन या पळवाटेतून सुखरूप बाहेर पडले. शेजारच्या खानदेशातील जिनांत हंगामात बाया दिवसरात्र कशा राबत, याच्या साक्षी १८८५च्या मुंबई कारखाना आयोगापुढे झाल्या आहेत. १८९१च्या कायद्याने बायांचे काम अकरा तासांवर आणले आणि नऊ वर्षांखालील मुलांना बंदी केली, पण चार महिन्यांची सवलत तशीच राहिली. ती उठायला १९११ साल उजाडले. तीस वर्षे लागली. या तीस वर्षांत ज्या मुली यंत्रापाशी बसल्या त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

उलट मालकांचे हितसंबंध किती जागरूक होते पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडच्या जीनमालकांनी आपापसांत ‘पूल’ केले. काही कारखाने चालवायचे, काही मुद्दाम बंद ठेवायचे, सरकी काढण्याचा दर एकत्र ठरवायचा आणि नफा सर्वांनी वाटून घ्यायचा. बंद कारखान्याच्या मालकालाही वाटा मिळे. बंद कारखान्याच्या मजुरणीला काय मिळे, हा प्रश्न त्या करारात नव्हता.

आता पुन्हा रुळांकडे येऊ. रूळ टाकणे, खडी भरणे, उन्हातान्हात मार्ग नीट ठेवणे ही गँगमनची कामे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तेथे सांगितले, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच भाषणातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याला साधे पोर्टरचे कामसुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि घरात अस्पृश्य कसा चालणार? लोखंडी रुळाला आमचा हात चालत होता, मास्तरांच्या घागरीला चालत नव्हता.

आणि प्रवासी म्हणून? रेल्वेने जातिभेद मोडला, कारण डब्यात सर्व एकत्र बसले, असे पाठ्यपुस्तके सांगतात. तिकीट एकच होते, हे खरे आहे. पण स्थानकावर पाणी देणारा पाणीपांडे कोणत्या जातीचा असे हेही खरे आहे. १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचा ही मुले चांगले कपडे घालून, सुट्टीत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली होती. तीही एक कौटुंबिक सहलच. मसूर स्थानकावर स्टेशनमास्तरने ममतेने चौकशी केली, आणि मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवान मिळेना, आणि पुढे रात्रभर पाणी मिळेना. तेव्हा ओस पडलेल्या छोट्या स्थानकाचे सौंदर्य पाहताना, या फलाटावर आपल्या आजोबाला पाणी कसे मिळत असेल, हा विचार आपल्या मनात आला तर तो रसभंग समजू नये. तोच इतिहास आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरची माणसे अचलपूरच्या बाजूने असेच हिंडलो. बरोबर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या होती. मुलांना रुळावर उभे राहून फोटो काढायचे होते. आत्याचे लक्ष रुळांकडे नव्हते. रस्त्याच्या पलीकडे पडक्या जिनाची भिंत होती, ती तिकडे बघत होती. मुलांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मी बारा वर्साची होती तवापासून मायच्या संगं जिनात जाये. रुई नाकातोंडात जाये. घरी आल्यावर बी खोकलू खोकलू रात जाये. अन् हात सरकला का बोट गेलं.” मग तिने यंत्रापाशी कसे बसायचे, टोपली कोणत्या बाजूला ठेवायची, मुकादम आला की पोरींना कापसाच्या ढिगामागे कसे दडवायचे, हे सारे हाताने करून दाखवले. अर्धा तास मुले ऐकत होती. जे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही ते त्यांना अर्ध्या तासात मिळाले.

मूर्तिजापूरच्या फलाटावर इंजिन कोठे बांधले आणि मार्ग कोणी काढला याची माहिती सांगणारे भेटतात. पण त्या इंजिनामागे जोडलेल्या डब्यांतली रुई कोणाच्या छातीतून गाळून आली, हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगाला वैद्यकशास्त्रात नाव आहे. आमच्या वस्तीत त्याला नुसता खोकला म्हणत आणि गूळ खायला देत.

जगात इतरत्र हे कसे करतात ते पाहण्यासारखे आहे. ज्या मँचेस्टरला आपला कापूस जात असे त्याच्याजवळ क्वारी बँक नावाची १७८४ सालची कापूस गिरणी आहे. ती आज संग्रहालय म्हणून जपली आहे आणि कुटुंबे सुट्टीचा दिवस तेथे घालवतात. पण तेथे मालकाच्या घराइतकेच अनाथ बालमजुरांचे वसतिगृहही दाखवले जाते. मुले कोठे झोपत आणि काय खात, हे आजची मुले पाहतात. अमेरिकेत लॉवेल या गावच्या कापडगिरण्यांना १९७८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला, तेथे गिरणीत राबणाऱ्या मुलींचा इतिहास मध्यभागी आहे. आपल्याकडे दार्जिलिंगची छोटी रेल्वे १९९९ साली जागतिक वारसा ठरली. शकुंतलेलाही असा मान मिळावा अशी मागणी होते. मिळो. परंतु मान मिळताना तिच्याबरोबर जीन, प्रेस, हमाल, गँगमन आणि यंत्रापाशी बसलेली बाई यांनाही स्थान मिळाले पाहिजे. नाहीतर रंग दिलेले इंजिन आणि शेजारी चहाचे दुकान, एवढाच वारसा उरेल.

आपल्यातल्या काही तरुणांना हे सारेच निरर्थक वाटते. शोषणाची यंत्रे मोडीत गेली तर जाऊ द्या, त्यांचे स्मारक कशाला, असे ते विचारतात. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण ज्यांच्याकडे सातबारा नव्हता, सनद नव्हती, वाडा नव्हता, त्यांच्या हातचा पुरावा अशाच भिंतींतून आणि रुळांतून शिल्लक राहतो. जीन पाडून प्लॉट पडले की आपला पुरावाही गेला. अकोल्याची सावतराम मिल किंवा बडनेऱ्याची विजय मिल आठवणारी पिढीही आता थकली आहे. आणि दुसरे असे की, शकुंतला शेवटच्या दिवसांत गरिबांचीच गाडी होती. ती बंद पडल्याचे दुःख हौशी लोकांपेक्षा, स्वस्त तिकिटावर बाजाराला जाणाऱ्या मजूर बाईला अधिक झाले.

म्हणून शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना काही कामे सुचवावीशी वाटतात. सहल नेताना गावातली जिनात राबलेली एखादी म्हातारी किंवा निवृत्त गँगमन सन्मानाने बरोबर न्यावा. त्याला पाहुणा म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून न्यावे. त्यांचे बोलणे त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत जसेच्या तसे टिपून घ्यावे. घरात पडलेले हजेरीचे कागद, मजुरीची पाकिटे, बिल्ले, जुने फोटो जपावेत आणि नक्कल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. प्रत्येक तालुक्यातल्या उभ्या आणि पडक्या जिनांची यादी करावी. हे काम करायला मोठे अनुदान लागत नाही, वही लागते.

आणखी एक. आपण रविवारी सहलीला जातो, तो रविवार तरी कोणी दिला? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळवली. रुळांइतकाच तोही औद्योगिक वारसा आहे. तो पाहायला कोठे जावे लागत नाही. मात्र मुलांना तो सांगावा लागतो, कारण जिनातल्या हंगामी बाईपर्यंत तो रविवार कितीतरी वर्षे पोचला नव्हता, आणि आजही वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीत वाकलेल्या बाईपर्यंत तो पोचलेला नाही.